जपानची शालेय सहल: आखणी परतीच्या दिवसापासून

जपानला विद्यार्थ्यांची सहल नेण्याचे ठरले की शिक्षकांची पहिली चर्चा बहुधा प्रेक्षणीय स्थळांवर होते: टोकियोला किती दिवस द्यायचे, क्योटोला किती, हिरोशिमा जमेल का. माझ्या मते आखणीला दुसऱ्या टोकाकडून सुरुवात करावी. परतीचे विमान कोणत्या विमानतळावरून आणि किती वाजता सुटणार, हे आधी कागदावर लिहावे आणि तिथून एकेक दिवस मागे येत सहल मांडावी. जपानमधील वाहतुकीची आणि निवासव्यवस्थेची शिस्त गटाला बऱ्याच ठिकाणी सांभाळून घेते. परंतु शेवटच्या दिवशी मुले दमलेली असतात, सामान वाढलेले असते, शिक्षकांची झोप अपुरी झालेली असते आणि नेमक्या त्याच दिवशी वेळ चुकली तर ती भरून काढायला पुढे दुसरा दिवस नसतो.

या पद्धतीचा पहिला परिणाम मार्गावर होतो. टोकियोत उतरून टोकियोतूनच परतण्याऐवजी ओसाकाजवळच्या कन्साई विमानतळावरून परतावे, असे मी सुचवेन. टोकियो, क्योटो, नारा, हिरोशिमा आणि शेवटी ओसाका असा प्रवास केला की शिंकान्सेनचा, म्हणजे अतिवेगवान रेल्वेचा, टोकियोपर्यंतचा उलटा टप्पा वाचतो आणि त्याबरोबर जवळजवळ अर्धा दिवसही वाचतो. अशा मार्गासाठी जपान रेल पास, म्हणजे ठरावीक दिवसांचा रेल्वेप्रवासाचा एकत्रित पास, आपोआप फायद्याचा ठरेल, असे मात्र धरून चालू नये. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांच्या साध्या पासची किंमत ५०,००० येन झाली, तर टोकियो ते क्योटो हे आरक्षित आसनाचे तिकीट साधारण १४,००० येनला पडते. म्हणून वरील मार्गाला सुटी तिकिटेच बहुधा स्वस्त पडतात. रेल्वेत अर्धे भाडे ६ ते ११ वर्षांच्या मुलांना लागू होते, त्यामुळे माध्यमिक शाळेतील मुलांचे पूर्ण भाडे धरावे लागते. पालकांना खर्चाचा अंदाज देतानाच ही गोष्ट स्पष्ट करावी.

शेवटचा मुक्काम विमानतळाच्या जवळच्या शहरातच ठेवावा. हिरोशिमा पाहून त्याच दिवशी रात्रीचे विमान गाठणे कागदावर शक्य दिसते, परंतु मुलांच्या गटासाठी ते धोक्याचे आहे. कन्साई विमानतळ १९९४ मध्ये सुरू झाला तो ओसाकाच्या उपसागरात भर टाकून तयार केलेल्या कृत्रिम बेटावर, आणि किनाऱ्याशी त्याचा जमिनीवरून येणारा संबंध एका पुलानेच जोडलेला आहे. सप्टेंबर २०१८ मधील वादळात एक तेलवाहू जहाज त्या पुलावर आदळले आणि हजारो प्रवासी रात्रभर विमानतळावर अडकून पडले. ऑगस्ट, सप्टेंबर आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला वादळांचा जोर असतो. मोठे वादळ येणार असेल तर जपानी रेल्वे कंपन्या गाड्या बंद ठेवण्याचा निर्णय अनेकदा आदल्या दिवशीच जाहीर करतात, म्हणून या महिन्यांत रोज संध्याकाळी हवामानाची आणि रेल्वेची सूचना पाहणे हे एका शिक्षकाचे ठरलेले काम असावे.

ऋतूविषयी थोडक्यात सांगायचे तर मे महिन्याचा मध्य ते अखेर, तसेच ऑक्टोबरचा उत्तरार्ध आणि नोव्हेंबर हे काळ सोयीचे आहेत. एप्रिलची अखेर आणि मेचा पहिला आठवडा या काळात जपानमध्ये सलग सुट्ट्या येतात, तेव्हा गाड्या आणि हॉटेले भरलेली असतात. आपल्याकडील उन्हाळी सुट्टी याच काळात येत असल्यामुळे तारखा निवडताना ही गफलत सहज होते. जूनमध्ये पावसाळा सुरू होतो.

कागदपत्रे आणि औषधे

भारतीय पासपोर्ट असलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला जपानचा व्हिसा लागतो आणि अल्पवयीन मुलांसाठी आईवडिलांची संमती लेखी असावी लागते. हे काम प्रवासी कंपनीकडे दिले तरी प्रत्येक पासपोर्टवरचे नाव, विमानतिकिटावरचे नाव आणि व्हिसावरचे नाव एका शिक्षकाने स्वतः अक्षर न् अक्षर ताडून पाहावे. सीमाशुल्काची माहिती ‘व्हिजिट जपान वेब’ या सरकारी संकेतस्थळावर आधी भरता येते. तिथून मिळणाऱ्या क्यूआर कोडचे छायाचित्र फोनमध्ये साठवून ठेवावे, कारण उतरल्यावर लगेच इंटरनेट चालेलच याची खात्री नसते.

एक बारकावा अनेकांच्या लक्षात येत नाही. जपानमध्ये प्रवेश करताना १६ वर्षे आणि त्याहून अधिक वयाच्या परदेशी प्रवाशांच्या बोटांचे ठसे आणि छायाचित्र घेतले जाते, आणि त्याच वयापासून पासपोर्ट सतत जवळ बाळगणे कायद्याने बंधनकारक आहे. दहावी-अकरावीच्या गटात काही मुले सोळाच्या अलीकडची आणि काही पलीकडची असतात. त्यामुळे सर्वांचे पासपोर्ट शिक्षकांकडे एका पिशवीत ठेवण्याची आपली नेहमीची पद्धत मोठ्या मुलांना लागू करता येत नाही. लहान मुलांचे पासपोर्ट शिक्षकांनी सांभाळावेत आणि मोठ्या मुलांना गळ्यात अडकवून कपड्यांच्या आत राहील अशी पिशवी द्यावी.

औषधांच्या बाबतीत जपानचे नियम कडक आहेत आणि इथे ढिलाई अजिबात चालत नाही. दहा टक्क्यांहून अधिक स्यूडोएफेड्रिन असलेली सर्दीची औषधे नेता येत नाहीत, कोडीन असलेली खोकल्याची औषधे प्रमाणानुसार निर्बंधात येतात, आणि अ‍ॅम्फेटामाइन असलेल्या औषधांवर डॉक्टरांची चिठ्ठी असली तरी बंदी आहे. डॉक्टरांनी लिहून दिलेली इतर नेहमीची औषधे एक महिन्याच्या गरजेपुरती नेता येतात; त्याहून अधिक हवी असल्यास आधी परवानगी घ्यावी लागते. पालकांकडून औषधांची यादी घटकांसह महिनाभर आधी मागवावी, कारण मुलाच्या बॅगेत घरच्यांनी प्रेमाने घातलेली एखादी गोळी विमानतळावर अडचण निर्माण करू शकते. मांसाचे पदार्थ, ताजी फळे आणि बियाणे नेण्यावरही निर्बंध आहेत, हे खाऊ भरणाऱ्या घरांना सांगून ठेवावे.

गट कसा बांधावा

जपानमध्ये शालेय सहलीची परंपरा जुनी आहे. तिथे तिला ‘शूगाकु र्योको’ म्हणतात, आणि १८८६ मध्ये टोकियोच्या शिक्षक-प्रशिक्षण शाळेने काढलेल्या लांब पदयात्रेकडे तिची सुरुवात म्हणून पाहिले जाते. आजही जपानी शाळांची मुले क्योटो, नारा आणि हिरोशिमा इथे मोठ्या संख्येने येतात, त्यामुळे रेल्वे, हॉटेले आणि संग्रहालये यांना विद्यार्थ्यांचे गट हाताळण्याची सवय आहे. जपानी शाळांच्या दोन पद्धती आपण जशाच्या तशा घ्याव्यात. पहिली म्हणजे ‘हान’, अर्थात पाच-सहा मुलांचे छोटे गट, ज्यात प्रत्येकाकडे ठरलेले काम असते: एक गटप्रमुख, एक वेळ पाहणारा, एक नकाशा सांभाळणारा, एक प्रकृतीची विचारपूस करणारा. दुसरी म्हणजे ‘शिओरी’, अर्थात सहलीची छोटी पुस्तिका, जिच्यात रोजचा कार्यक्रम, सामानाची यादी, नियम आणि टिपणांसाठी कोरी पाने असतात. ही पुस्तिका मुलांकडूनच तयार करून घ्यावी. जी मुले स्वतः वेळापत्रक लिहून काढतात, त्यांना ते आठवतेही आणि पाळावेसेही वाटते.

हजेरी नावाने न घेता क्रमांकाने घ्यावी. प्रत्येक विद्यार्थ्याला कायमचा क्रमांक द्यावा आणि मुलांनी तो क्रमाने मोठ्याने म्हणावा. मात्र रेल्वेच्या डब्यात हे करू नये, कारण तिथे शांतता पाळली जाते आणि फोनवरही कोणी बोलत नाही. डब्यात गटप्रमुखाने आपली माणसे मोजून शिक्षकांना हाताने खूण करावी. जपानी शाळांत ठरलेल्या वेळेच्या पाच मिनिटे आधी हजर राहण्याची शिकवण असते. आपण ती दहा मिनिटांची ठेवावी आणि वेळापत्रकात गाडीची वेळ न छापता जमण्याचीच वेळ छापावी.

याची खरी परीक्षा शिंकान्सेनवर होते. टोकियो ते ओसाका या तोकाइदो मार्गावरील गाडीला १६ डबे असतात, ती सुमारे ४०० मीटर लांब असते आणि मधल्या स्थानकांवर एक-दोन मिनिटेच थांबते. क्योटोला उतरायचे असेल तर पाच मिनिटे आधी सर्वांनी सामान हाती घेऊन दाराच्या दिशेने रांग धरावी. एक शिक्षक सर्वांत आधी उतरेल आणि दुसरा आसनांखाली नजर टाकून सर्वांत शेवटी उतरेल, ही विभागणी संपूर्ण सहलीत बदलू नये. कोणी चुकून मागे राहिलाच तर काय करायचे, हे निघण्यापूर्वी प्रत्येकाला पाठ असावे: फलाटावर राहिलेल्याने तिथेच थांबून स्थानक कर्मचाऱ्याला पुस्तिकेतील पान दाखवावे, आणि गाडीत राहिलेल्याने पुढच्या स्थानकावर उतरून फलाटावरच थांबावे. त्या पानावर शाळेचे नाव, हॉटेलचा पत्ता जपानी लिपीत आणि दोन शिक्षकांचे फोन क्रमांक असावेत. पोलिसांसाठी ११० आणि रुग्णवाहिकेसाठी ११९ हे क्रमांकही तिथेच लिहावेत.

मोठ्या बॅगांचे काय करावे, हा प्रश्न पैसे देऊन सोडवण्यासारखा आहे. तोकाइदो मार्गावर लांबी, रुंदी आणि उंची यांची बेरीज १६० सेंटिमीटरहून अधिक असलेल्या बॅगेसाठी विशिष्ट आसन आधी आरक्षित करावे लागते. अशी आसने मोजकीच असतात. त्याऐवजी बॅगा एका हॉटेलातून दुसऱ्या हॉटेलात पाठवणारी ‘ताक्क्युबिन’ ही घरपोच सेवा वापरावी. टोकियोहून दिलेली बॅग क्योटोला साधारणपणे दुसऱ्या दिवशी मिळते. मुलांकडे एका रात्रीचे कपडे असलेली पाठीवरची पिशवी तेवढी राहते आणि प्रवासातील निम्मा ताण तिथेच संपतो.

स्थानिक प्रवासासाठी टोकियोत सुइका किंवा पास्मो आणि क्योटो-ओसाकात इकोका ही कार्डे मिळतात. कोणतेही कार्ड बहुतेक सर्व मोठ्या शहरांत चालते, परंतु परत करून पैसे मिळवायचे असतील तर ते मूळ कंपनीच्या भागातच करावे लागते. टोकियोत घेतलेले सुइका ओसाकात परत करता येत नाही; म्हणून कार्डात पैसे थोडे थोडेच भरावेत आणि शेवटच्या दिवशी उरलेली रक्कम खाऊच्या दुकानात खर्च करावी. क्योटोच्या शहर बसमध्ये मात्र मोठ्या गटाने गर्दीच्या वेळी चढू नये. तिथल्या रहिवाशांना पर्यटकांच्या गर्दीचा खरोखर त्रास होतो, त्यामुळे भुयारी रेल्वे आणि चालणे यांवर भर द्यावा.

जेवण आणि स्नान

शाकाहारी मुलांसाठी जपान अवघड आहे, हे पालकांना आधीच प्रामाणिकपणे सांगावे. भाजी, सूप किंवा नूडल्स यांत मांस दिसले नाही तरी मूळ रश्शात, म्हणजे ‘दाशी’त, वाळवलेल्या बोनितो माशाचा अर्क बहुधा असतो. दुकानात मिळणाऱ्या तयार करीच्या वड्यांतही अनेकदा प्राण्यांची चरबी असते. मांस, मासे, अंडी आणि माशांचा अर्क यांपैकी काय चालत नाही, हे जपानी भाषेत नेमके लिहिलेले कार्ड प्रत्येक मुलाकडे असावे, कारण केवळ ‘शाकाहारी’ म्हटल्याने स्वयंपाकघरात पुरेसा अर्थ पोहोचत नाही. हॉटेलला किमान दोन आठवडे आधी यादी कळवावी. क्योटोत एक जेवण बौद्ध मठांच्या ‘शोजिन र्योरी’ या पद्धतीचे ठेवावे. ते मूळचेच मांस-मासे वर्ज्य असलेले असते आणि मुलांना जपानी पाककलेची चवही मिळते. कोणाला अ‍ॅलर्जी असेल तर पाकिटावरील माहिती उपयोगी पडते, कारण अंडी, दूध, गहू, शेंगदाणे, सोबा अर्थात बकव्हीट, कोळंबी, खेकडा आणि अक्रोड यांची नोंद पाकिटावर करणे कायद्याने सक्तीचे आहे.

नळाचे पाणी पिण्यायोग्य असते. रस्त्यावर कचऱ्याचे डबे फारसे नसतात, म्हणून प्रत्येकाने कचऱ्यासाठी एक पिशवी जवळ बाळगावी.

पारंपरिक निवासस्थानी मुक्काम असेल तर सामूहिक स्नानगृहाचा प्रश्न येतो. तिथे मुलांसाठी आणि मुलींसाठी स्नानगृहे वेगळी असतात, परंतु आत कपड्यांविना उतरण्याची रीत आहे आणि आपल्या मुलांपैकी अनेकांना ते संकोचाचे वाटते. कोणावरही सक्ती करू नये. खोलीत स्वतंत्र न्हाणीघर आहे का, याची चौकशी आरक्षणाच्या वेळीच करावी.

हिरोशिमा आणि नारा

हिरोशिमाला जाणार असाल तर सहलीतील सर्वांत जास्त तयारी या एका दिवसासाठी करावी. ६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी ८ वाजून १५ मिनिटांनी या शहरावर अणुबाँब पडला. शांती स्मारक संग्रहालय १९५५ मध्ये उघडले आणि २०१९ मध्ये मुख्य दालनाची नव्याने मांडणी झाली. आता तिथे मृतांच्या वस्तूंवर आणि त्यांच्या घरच्यांच्या शब्दांवर भर आहे. जळालेले कपडे, मुलाची तीनचाकी सायकल, जेवणाचा कोळसा झालेला डबा या वस्तू आपल्याच वयाच्या किंवा त्याहून लहान मुलांच्या आहेत हे विद्यार्थ्यांच्या ध्यानात येते, तेव्हा काही जण रडतात आणि काही पूर्ण गप्प होतात. म्हणून आत काय दिसणार हे शाळेतच सांगावे, ज्याला मधूनच बाहेर यायचे असेल त्याला तशी मोकळीक द्यावी आणि त्याच्यासोबत थांबायला एक शिक्षक बाहेर ठेवावा. संग्रहालयानंतर लगेच खरेदी किंवा जेवण ठेवू नये. उद्यानात किमान तासभर बसू द्यावे. वाचलेल्यांचे अनुभव किंवा त्यांचा वारसा सांगणाऱ्या प्रशिक्षित वक्त्यांचे कथन ऐकण्याची सोय आधी अर्ज केल्यास होऊ शकते, आणि माझ्या मते मार्गातील एखादे मंदिर वगळावे लागले तरी ही संधी सोडू नये.

उद्यानातील बालशांती स्मारक १९५८ मध्ये उभे राहिले. बाँब पडला तेव्हा सादाको सासाकी ही मुलगी दोन वर्षांची होती. रक्ताच्या कर्करोगाने ती १९५५ मध्ये बाराव्या वर्षी वारली. आजारपणात ती कागदाचे क्रौंच पक्षी घडवत असे. तिच्या शाळासोबत्यांनी पुढाकार घेतला आणि जपानभरातील मुलांनी दिलेल्या पैशांतून हे स्मारक झाले. शाळेत सर्व वर्गांनी मिळून घडवलेल्या पक्ष्यांची माळ सोबत न्यावी आणि तिथे अर्पण करावी, म्हणजे सहलीला न आलेल्या विद्यार्थ्यांचाही त्यात वाटा राहील.

नारा येथील तोदाइजी मंदिरात सुमारे १५ मीटर उंचीची बुद्धमूर्ती आहे. ७५२ मध्ये तिचा नेत्रोन्मीलन सोहळा भारतातून गेलेल्या बोधिसेन या भिक्षूच्या हस्ते झाला. मूर्तीसमोर उभे राहून मुलांना ही गोष्ट सांगितली की बाराशे वर्षांहून जुना तो संबंध त्यांना पाठ्यपुस्तकाशिवाय समजतो. बाहेरच्या हरणांना त्यांच्यासाठी विकल्या जाणाऱ्या बिस्किटांखेरीज काहीही देऊ नये. ती पाळीव नाहीत, हातातले कागद ओढतात आणि चिडवल्यास चावतात.

भूकंपाविषयी पहिल्याच रात्री हॉटेलात पाच मिनिटे बोलावे. फोनवर मोठ्या आवाजात पूर्वसूचना आली तर डोके झाकून टेबलाखाली बसावे, धावत बाहेर पडू नये आणि नंतर कर्मचारी सांगतील तसे वागावे. खोलीतून बाहेर पडण्याचा जिना प्रत्येक गटाने त्याच रात्री पाहून यावा.

परतीचा प्रवास

शेवटच्या संध्याकाळी कोणताही मोठा कार्यक्रम ठेवू नये. रात्रीच्या जेवणानंतर सर्व बॅगा शिक्षकांच्या देखत वजन करून बंद कराव्यात. पॉवरबँक सामानाच्या बॅगेत चालत नाही; ती सोबतच्या पिशवीत ठेवावी, आणि जुलै २०२५ पासून जपानी विमान कंपन्यांच्या विमानांत ती डोक्यावरच्या कप्प्यातही ठेवू नये अशी सूचना आहे. याउलट भेट म्हणून घेतलेली कात्री, चाकू, तसेच मिसो, जेली किंवा पुडिंगसारखे मऊ पदार्थ मोठ्या बॅगेत जावेत, कारण सुरक्षा तपासणीत १०० मिलिलिटरहून मोठ्या भांड्यातील असे पदार्थ द्रव मानले जातात. सुटी नाणी परतल्यावर बदलून मिळत नाहीत आणि जपानमध्ये ५०० येनपर्यंतची नाणी असतात, म्हणजे खिशात नकळत बरीच रक्कम उरते. ती आदल्या दिवशीच संपवावी. करमुक्त खरेदी केली असेल तर त्या वस्तू आणि पासपोर्ट तपासणीपूर्वी हाताशी ठेवावेत. १ नोव्हेंबर २०२६ पासून या सवलतीची पद्धत बदलत असून दुकानात पूर्ण कर भरून तो देश सोडताना परत घ्यायचा आहे, त्यामुळे त्या तारखेनंतर विमानतळावर जादा वेळ धरावा.

त्याच रात्री प्रत्येकाचा पासपोर्ट शिक्षकाने डोळ्यांनी पाहावा. ‘आहे’ असे तोंडी उत्तर पुरेसे मानू नये. सकाळी खोल्या सोडल्यावर दोन शिक्षकांनी प्रत्येक खोलीत जाऊन पलंगाखाली, न्हाणीघरात आणि चार्जरच्या जागी पाहावे. शेवटचा मुक्काम ओसाकाऐवजी क्योटोत ठेवावा लागला, तर तिथून कन्साईला थेट जाणारी हारुका गाडी साधारण सव्वा तास घेते, हे धरावे. गटाने विमानाच्या वेळेआधी किमान साडेतीन तास विमानतळावर असावे आणि त्याआधीची एक गाडी चुकली तरी चालेल असा हिशेब ठेवावा.

परतीचे उड्डाण जातानाच्या उड्डाणापेक्षा लांब असते, कारण पश्चिमेकडून येणारे वेगवान वारे समोरून येतात. घड्याळ साडेतीन तास मागे जाते. मुलांना पाणी प्यायला आणि झोपायला सांगावे, आणि विमान बदलायचे असेल तर उतरल्यावर सर्वांत आधी पुढच्या विमानाच्या गेटपाशी जमून हजेरी घ्यावी; दुकाने, स्वच्छतागृह आणि खाणे त्यानंतर, गटाने.

आपल्या विमानतळावर पोहोचल्यावर पालक दिसताच मुले धावतात, म्हणून बाहेर पडण्यापूर्वी सामानाच्या पट्ट्यापाशीच शेवटची हजेरी घ्यावी. कोणाची बॅग आली नसेल तर विमान कंपनीकडे लेखी तक्रार तिथेच नोंदवावी. प्रत्येक मूल कोणाच्या हाती सोपवले याची वहीत सही घ्यावी आणि पालकांव्यतिरिक्त दुसरे कोणी येणार असेल तर त्याचे नाव आधी लेखी मागवावे. शेवटचे मूल जाईपर्यंत एक शिक्षक थांबेल हेही आधीच ठरवावे. घरी गेल्यावर जपानमध्ये काही राहिल्याचे आढळले तर निराश होण्याचे कारण नाही. पोलिसांकडे जमा झालेल्या हरवलेल्या वस्तू तिथे तीन महिने ठेवल्या जातात. वस्तूचे वर्णन, गाडीची किंवा हॉटेलची तारीख आणि आसन किंवा खोली क्रमांक लिहून शाळेने एकच एकत्रित पत्र पाठवावे, म्हणजे प्रत्येक पालकाला स्वतंत्र धडपड करावी लागत नाही.